खाते क्रमांकातले पहिले शून्य

मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



मी 1991 साली एका तालुक्याच्या कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाले आणि 31 वर्षांनी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आता संध्याकाळी घराच्या पडवीत दोन संगणक मांडून कार्यालयांत नव्याने लागलेल्या मुलामुलींना वर्ड आणि एक्सेल शिकवते. फी घेत नाही. या मुलांना जे येत नाही ते फार थोडे आहे, शिकवायलाही सोपे आहे, पण त्या थोडक्यापायी लोकांची कामे अडतात. म्हणून हे पत्र आपल्याला आणि जाहीरपणे लिहिते आहे.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी एक मावशी आमच्या टेबलाशी चौथ्यांदा आल्या होत्या. बँकेत गेल्या की बँकवाले पैसे आले नाहीत म्हणत, आमच्याकडे आल्या की आम्ही पैसे पाठवले म्हणत असू. गावाहून यायचे म्हणजे त्यांचा रोजगार बुडायचा, एसटीचे भाडे वेगळे. त्या दिवशी मी त्यांचे पासबुक मागून घेतले, संगणकावर यादी उघडली आणि पडद्याशेजारी पासबुक धरून एकेक अंक बोट ठेवून वाचला. पासबुकातला खाते क्रमांक दोन शून्यांनी सुरू होत होता. आमच्या यादीत ती दोन शून्ये नव्हती. बाकीचे सगळे अंक बरोबर. पैसे पाठवले गेले होते आणि खाते जुळत नाही म्हणून परत आले होते. त्याच यादीत त्याच बँकेची आणखी नावे होती. सगळ्यांची शून्ये गळलेली.

ज्या मुलीने यादी केली होती ती हुशार, कामसू. तिने शून्ये टाकली होती, हे ती शपथेवर सांगत होती, आणि ते खरेच होते. शून्ये तिने टाकली, एक्सेलने काढली. सेलमध्ये नुसते अंक टाकले की एक्सेल त्यांना संख्या समजते आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. हिशेबाच्या दृष्टीने यंत्राचे काहीच चुकले नाही. पण खाते क्रमांक ही संख्या नव्हेच, ते खात्याचे नाव आहे. त्याची कोणी बेरीज करत नाही की सरासरी काढत नाही. म्हणून टंकायला बसण्याआधी तो अख्खा कॉलम निवडायचा आणि त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करायचा. इतकेच. मग शून्य जागचे हलत नाही. 12 अंकी आधार क्रमांक टाकल्यावर सेलमध्ये मध्येच टिंब आणि ‘ई’ असलेले काहीतरी भलतेच उमटते, तेही होत नाही. आणि 16 अंकी खाते क्रमांकाचे जे होते ते तर याहून वाईट. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच खरे धरते, सोळाव्याच्या जागी मुकाट्याने शून्य ठेवते. मागाहून फॉरमॅट बदलला तरी गेलेला अंक परत येत नाही. तो फक्त पासबुकात उरतो.

त्या मुलीकडे संगणकाचे प्रमाणपत्र होते. टंकलेखनाची परीक्षाही ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालेली. मिनिटाला मराठी 30 शब्दांची अट तिने सहज पुरी केली होती. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमांना मी नावे ठेवणार नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लहान गावांतल्या कितीतरी मुली त्यांच्यामुळे पहिल्यांदा संगणकासमोर बसल्या, माउस हातात धरायला शिकल्या. हे काम मोठे आहे. पण अभ्यासक्रम सगळ्यांसाठी असतो, दुकानदारासाठी, विद्यार्थ्यासाठी, आमच्यासाठीही. आमच्या टेबलावरची अनुदानाची यादी, ज्येष्ठता यादी, मासिक गोषवारा हे त्यात कुठून येणार? ते कार्यालयाने शिकवायचे असते. आणि कार्यालयात नव्या माणसाला पहिल्या दिवशी खुर्ची दाखवतात, पासवर्ड देतात आणि ‘तात्काळ’ असा शेरा असलेली फाईल पुढे सरकवतात.

मी रुजू झाले तेव्हा असे नव्हते. टंकलेखन यंत्रावर डावा समास कुठे लावायचा, ओळ संपत आल्याची घंटा किती अक्षरे आधी वाजते, कार्बन किती घालायचे, हे आमच्या तेव्हाच्या हेडक्लार्कनी शेजारी स्टूल घेऊन दाखवले होते. देयकाचे रकाने मारायला यंत्रावर टॅबची कळ होती. त्या कळीच्या खुणा मागच्या पट्टीवर हाताने लावाव्या लागत. महिन्याभरात ते बोटांत बसले. मग टेबलावर संगणक आला, टॅबची कळही त्याच्याबरोबर आली, पण ती कशासाठी आहे हे सांगणारे स्टूल कोणी आणले नाही.

माझ्या पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या संध्याकाळी एकच करायला सांगते. तुम्ही केलेले कोणतेही एक पत्र वर्डमध्ये उघडा आणि वरच्या पट्टीतले परिच्छेदाच्या खुणेचे बटण दाबा, ते उलट्या ‘पी’सारखे दिसणारे. दाबल्याबरोबर पत्रावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. प्रत्येक ठिपका म्हणजे स्पेसबारचा एक ठोका. ‘प्रति’ उजवीकडे नेण्यासाठी चाळीस ठिपके, सहीची जागा धरायला साठ, पुढच्या पानावर जाण्यासाठी एंटरच्या सोळा खुणा एकीखाली एक. मुले हे बघून गप्प होतात. मग मी पत्राच्या पहिल्या परिच्छेदात ‘उपरोक्त’ एवढा एक शब्द घालायला सांगते. खालचे सगळे हलते. सही दुसऱ्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसते, तक्त्यातले आकडे आपापला रकाना सोडतात. साहेबांनी एक शब्द बदलायला सांगितला की अर्धा तास का जातो, ते त्यांना त्या क्षणी कळते.

त्यावरचे उपाय चारच आहेत. रकान्यांसाठी टॅब किंवा सरळ तक्ता. नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर. दोन परिच्छेदांत अंतर हवे तर ते परिच्छेदाच्या मांडणीत द्यायचे, रिकाम्या ओळी घालून नाही. आणि मथळ्यांसाठी स्टाइल. या चौथ्यावर मी अडून बसते. मथळा ठळक करून अक्षर मोठे केले तर तो डोळ्याला मथळा दिसतो, वर्डला नाही. ‘हेडिंग’ ही स्टाइल लावली की वर्डला अहवालाची रचना कळते. मग 80 पानी वार्षिक अहवालाची अनुक्रमणिका ते स्वतः तयार करते, पाने वाढली की एका क्लिकमध्ये आकडे दुरुस्त होतात. आम्ही अनुक्रमणिका शेवटच्या रात्री पाने उलटून उलटून हाताने केली आहे, आणि सकाळी दोन पाने वाढली म्हणून पुन्हा केली आहे.

पत्रांचेही तेच. तालुक्यातल्या 84 ग्रामपंचायतींना एकाच मजकुराचे पत्र जायचे असते. लिपिक पहिले पत्र करतो, नाव बदलतो, प्रिंट काढतो, पुन्हा नाव बदलतो. साठाव्या पत्रापर्यंत डोळे थकतात आणि एका गावाला दुसऱ्या गावाची थकबाकी लिहून जाते. मेल मर्ज नावाची सोय नेमकी यासाठीच आहे. एक्सेलमध्ये गावांची यादी आणि रकमा, वर्डमध्ये एक पत्र, दोन्ही जोडले की 84 पत्रे तयार. ही सोय मी वीस मिनिटांत शिकवते. शिकून गेलेल्या एका ग्रामसेवकाने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की आज साडेपाचच्या एसटीने घरी निघालो.

एक्सेलकडे परत येते, कारण खरी जोखीम तिथे आहे.

तालुक्याच्या कार्यालयांत आजही एक दृश्य दिसते. पडद्यावर एक्सेल शीट उघडी, शेजारी कॅल्क्युलेटर. लिपिक आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवतो आणि बेरीज शीटच्या तळाशी टंकतो. एक आकडा नंतर बदलला तरी ती बेरीज तशीच राहते, कारण ती बेरीज नाहीच, तो नुसता टंकलेला आकडा. तळाच्या सेलमध्ये उभे राहून ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबले की एक्सेल स्वतः बेरजेचे सूत्र मांडते आणि आकडा बदलला की बेरीजही बदलते. पण इथे न थांबता पुढची सवयही लावावी लागते. त्या सेलवर डबल क्लिक करायचे आणि रंगीत चौकट कुठून कुठपर्यंत पसरली आहे ते बघायचे. खाली दोन गावे नंतर वाढवली असतील आणि चौकट त्यांच्या वरच संपत असेल, तर बेरीज खोटी आहे.

ही चूक फक्त तालुक्यात होते असे नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या जगभर नाव असलेल्या अर्थतज्ज्ञांनी 2010 साली देशांवरचे कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. सरकारी खर्चात कपात करावी म्हणणाऱ्यांनी पुढे त्याचा दाखला वारंवार दिला. 2013 मध्ये थॉमस हर्न्डन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट मिळवून तपासली. सरासरीचा पट्टा 49व्या ओळीपर्यंत जायला हवा होता, तो 44व्या ओळीवरच थांबला होता. पाच देश हिशेबातून सुटले होते. निबंधावर आक्षेप इतरही होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. डबल क्लिक करून चौकट पाहिली असती तर ती त्याच दिवशी दिसली असती.

दुसरे उदाहरण थेट सरकारी कामकाजाचे आहे. 2020 मध्ये, करोनाच्या ऐन काळात, इंग्लंडमध्ये 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातले 15,841 बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला. कारण असे की प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओढली जात होती. त्या प्रकारात एका शीटवर 65,536 ओळीच मावतात. 2007 पासूनच्या नव्या प्रकारात 10,48,576 मावतात. फाईल भरली आणि पुढच्या ओळी गळाल्या. आपल्याकडे ‘जुन्या मशीनवर उघडली पाहिजे’ म्हणून आजही किती कार्यालयांत फायली जुन्या प्रकारात सेव्ह होतात, हे आपण एकदा विचारून पाहावे.

आता ज्येष्ठता यादी. या यादीवर माणसाची बढती ठरते, म्हणून तिची गोष्ट सविस्तर सांगते. एकदा आमच्याकडची यादी रुजू दिनांकाप्रमाणे लावायची होती. लिपिकाने सॉर्ट केले आणि यादीचे दोन तुकडे पडले. वर काही नावे तारखेप्रमाणे लागल्यासारखी, खाली बाकीची वेगळ्याच क्रमाने. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकी होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आम्ही 03/04/1998 म्हणजे 3 एप्रिल लिहिले, संगणकाने 4 मार्च वाचले. 25/06/1998 लिहिले तर पंचविसावा महिना नसतोच, म्हणून त्याने ती तारीख न मानता नुसती अक्षरे म्हणून ठेवली आणि सॉर्ट करताना तळाशी टाकली. बाराव्या तारखेपर्यंत रुजू झालेल्यांचे दिवस आणि महिने उलटे झाले, तेराव्या तारखेपासूनच्यांच्या तारखा तारखाच राहिल्या नाहीत. यादीवर हरकती आल्या. एका माणसाने तर त्याला मुद्दाम मागे टाकले असा अर्ज केला. त्याला तसे वाटणे साहजिक होते.

उपाय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. प्रदेश ‘इंग्लिश, इंडिया’ निवडायचा. एकदाच. त्याने तारखा आपल्या पद्धतीने वाचल्या जातात आणि आकड्यांचे स्वल्पविरामही लाख-कोटींच्या जागी पडतात. मात्र आधी टंकलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या मूळ सेवापुस्तकावरून पुन्हा घ्याव्या लागतात. आणि एक खूण, जी मी प्रत्येकाला पाठ करायला लावते: तुम्ही काही केले नसेल तर एक्सेल संख्या आणि तारखा सेलच्या उजव्या कडेला ठेवते, अक्षरे डाव्या कडेला. तारीख डावीकडे चिकटलेली दिसली की हात थांबवा, ती तारीख नाही. खाते क्रमांक उजवीकडे चिकटलेला दिसला तरी थांबा, त्याची शून्ये धोक्यात आहेत. ही एक खूण डोळ्यात बसली की निम्म्या चुका टंकतानाच सापडतात.

महोदय, इथवरचे सगळे लिपिकांनी शिकण्याचे झाले. पुढचे माहिती मागवणाऱ्यांनी शिकण्याचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. वरच्या कार्यालयाकडून ‘सोबतच्या प्रपत्रात माहिती सादर करावी’ असे पत्र येते. प्रपत्र उघडावे तर मथळा तीन ओळींचा, निम्मे सेल मर्ज केलेले, एकाच रकान्यात नाव, गाव आणि मोबाईल. ते कागदावर छापून भरायला ठीक. पण मर्ज केलेल्या सेलवर सॉर्ट धड चालत नाही, फिल्टर धड लागत नाही. खालची पन्नास कार्यालये ते आपापल्या परीने भरतात, वरचा एक लिपिक रात्री बसून त्या पन्नास फायली कट-पेस्ट करून जोडतो. पंधरा दिवसांनी तीच माहिती दुसऱ्या प्रपत्रात मागवली जाते, कारण पहिल्या प्रपत्रातून हवे ते काढता येत नाही.

प्रपत्र करणाऱ्याने चार गोष्टी पाळल्या तर हे थांबते. मथळ्याची ओळ एकच. एका रकान्यात एकच गोष्ट. खाते आणि आधारचे रकाने आधीच टेक्स्ट करून पाठवलेले. आणि डेटा व्हॅलिडेशन लावलेले, म्हणजे आधारच्या रकान्यात 12 अंकांपेक्षा कमी-जास्त टंकले की एक्सेल तिथेच अडवेल, गावाचे नाव टंकण्याऐवजी यादीतून निवडता येईल. ‘पिंपळगाव बु.’, ‘पिंपळगाव बु॥’ आणि ‘पिंपळगाव बुद्रुक’ अशी एकाच गावाची तीन गावे मग होणार नाहीत. वरच्या एका माणसाने अर्धा तास घेतला तर खालच्या शेकडो माणसांचे दिवस वाचतात. खालच्या शेकडो माणसांनी कितीही शिकून घेतले तरी चुकीचे प्रपत्र त्यांना वाचवू शकत नाही.

मराठीबद्दल थोडे. जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रे अजून कपाटांत आणि हार्डडिस्कवर पडून आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक अंक असतात. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर मजकुराचा चुराडा होतो आणि त्यात एखादे नाव शोधू म्हटले तर सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, मी नोकरीला लागले त्याच वर्षापासून. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आयताच मिळतो, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. पंधरा दिवसांत हात बसतो. सॉफ्टवेअर विकत घ्यायला तरतूद नाही, ही सबबही टिकत नाही. लिब्रे ऑफिस 2010 पासून मोफत आहे, त्याचे मेनूही मराठीत करून घेता येतात. केरळने आपल्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच मुलांना शिकवले आहे.

मी नवा अभ्यासक्रम मागत नाही, नवी परीक्षा तर नाहीच. माझे म्हणणे एवढेच आहे की जे शिकवायचे ते माणसाच्या स्वतःच्या टेबलावरच्या कामावर शिकवावे. रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात रोज एक तास मिळावा. शिकवायला बाहेरून कोणी आणायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात एक तरी लिपिक असा असतोच, ज्याच्याकडे बाकीचे ‘अरे, हे जरा बघ ना’ म्हणत जातात. त्याला शोधावे, त्याच्या टेबलावरचा बोजा थोडा कमी करावा आणि त्याच्या हाती हे काम अधिकृतपणे सोपवावे. आज तो ते चोरून करतो, स्वतःचे काम मागे ठेवून, आणि त्याबद्दल बोलणी खातो. आणि शिकले की नाही हे पाहायचे असेल तर प्रश्नपत्रिका काढू नये. त्या मावशींची यादी होती तशी एक यादी, शून्ये गळलेली, तारखा उलटलेली, बेरीज टंकलेली, पुढे ठेवावी आणि म्हणावे, यातले चुकलेले शोधा.

त्या मावशींचे पैसे पुढे सात महिन्यांनी जमा झाले. दरम्यान पेरणी झाली होती. बियाण्यासाठी त्यांनी गावातल्या एकाकडून व्याजाने पैसे उचलले होते, हे त्यांनीच मला सांगितले. तक्रारीच्या सुरात नाही, नुसते सांगितले.

आपल्या कार्यालयातून रोज कितीतरी प्रपत्रे राज्यभर जातात. उद्या जे पहिले निघेल, ते पाठवण्याआधी कृपया एकदा स्वतः उघडून पाहावे. खाते क्रमांकाचा रकाना निवडावा आणि तो टेक्स्ट आहे ना, एवढे बघावे. नसेल तर करून घ्यावा आणि ज्याने प्रपत्र केले त्याला शेजारी बसवून दाखवावे. सुरुवात तिथून व्हावी, ही हात जोडून विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून